मामाची मांडी

यशोधनला लहानपणापासूनची एक खोड होती. दोन माणसांचं जमणार नाही असं दिसलं की तो दोघांनाही अर्धी अर्धी गोष्ट सांगायचा आणि उरलेली अर्धी आपोआप विरून जाईल म्हणून वाट बघत बसायचा. लग्न ठरवलं तेव्हाही त्याने हेच केलं. "मुलगी नॉर्थ कॅरोलायनाचीच आहे, आई," एवढंच म्हणाला, आणि सुमित्रा बिचारी महाराष्ट्र मंडळातल्या झाडून साऱ्या मुली आठवत बसली. डेना चेरोकी आहे, तिचे लोक पश्चिमेकडच्या डोंगरांत कोलंबसाच्याही आधीपासून राहताहेत, हे तिला डेना दारात उभी राहिल्यावर कळलं. त्यानंतर झालं ते झालं. वीर जन्मला आणि ते सगळं मागे पडलं.

आता वीर अकरा महिन्यांचा झाला होता आणि त्याचं जावळ काढायचं होतं. जन्मासोबत आलेले केस एकदा उतरवायचे, यात अर्धवट सांगण्यासारखं काय आहे? पण यशोधनने तेही जमवलं.

"डेनाला नीट सांगितलंस ना?" शनिवारी सकाळी शिऱ्याचा रवा भाजता भाजता सुमित्राने विचारलं.

"सांगितलंय गं. फर्स्ट हेअरकट आहे, छोटंसं फंक्शन आहे."

"हेअरकट काय? सगळे केस काढायचे आहेत."

"तेच ते. डीटेल्समध्ये कशाला शिरायचं, यार आई."

आईला यार म्हणणाऱ्या मुलाकडे सुमित्राने एक नजर टाकली आणि पुन्हा रव्याकडे वळली. आज तिला कोणाशी वाजवायचं नव्हतं. डेनाला तिच्या गावातल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी मिळत होती. यशोधनचं काम काय, कॉम्प्युटर उघडला की कुठूनही होण्यासारखं. महिन्याभरात दोघं वीरला घेऊन तिकडे राहायला जाणार, हे जवळजवळ ठरल्यातच जमा होतं. पाच तासांचा ड्राइव्ह. माणसं गोडीने गेली तर पाच तास काहीच नाहीत. मनात अढी घेऊन गेली तर नातू फोटोतच मोठा होतो. सुमित्राने असे फोटो मैत्रिणींच्या फ्रिजवर पाहिले होते. तसला एक तिला आपल्या फ्रिजवर लावायचा नव्हता.

दिवाणखान्यात शोभनाताईंचा कारभार चालू होता. या सुमित्राच्या नवऱ्याच्या, त्र्यंबकरावांच्या थोरल्या बहीण. न्यू जर्सीतल्या आयसेलिनहून पेढे, चांदीची वाटी आणि केस कापायचं नवं कोरं मशीन घेऊन आदल्या दिवशीच उतरल्या होत्या. वीरची सख्खी आत्या गिरिजा सिएटलला. तिला सुट्टी मिळाली नव्हती. तेव्हा आत्याचा मान शोभनाताईंनी आपणहून पत्करला होता आणि त्यासाठी खास नवी पैठणी नेसली होती.

"त्र्यंबक, मुहूर्त किती वाजताचा?"

"साडेअकरा. इंटरनेटवर बघितलं."

"पुण्याचा की इथला, कॅरीचा?"

त्र्यंबकरावांनी आयुष्यभर औषधाच्या कंपनीत मिलिग्रॅमची मापं काढली होती, पण या प्रश्नाने ते गडबडले. चष्मा लावून पुन्हा कॉम्प्युटरकडे गेले आणि परत येऊन कॅरीचाच आहे असं इतक्या ठामपणे म्हणाले, की कोणालाच खरं वाटलं नाही.

खरी अडचण मामाची होती. जावळ काढताना बाळ मामाच्या मांडीवर बसतं. पहिली बट त्याच्या मांडीवर उतरते. डेनाला भाऊ नाही. तिची आई वॅन्डा, तीही एकुलती एक. त्यावर शोभनाताईंनी शेजारचा प्रसाद मानलेला मामा म्हणून ठरवून टाकला. प्रसाद नागपूरचा, स्वभावाने गरीब, कोणाला नाही म्हणता न येणारा. त्याला दुपारी क्रिकेटच्या मॅचला पोचायचं होतं, म्हणून तो साडेअकराच्या आधीच कुर्ता घालून हजर झाला.

"वॅन्डा आणि नेटीआजी अजून यायच्यात," सुमित्रा म्हणाली.

"अगं, फोन आला होता की त्यांचा," शोभनाताई म्हणाल्या. "ट्रॅफिक लागलाय. मुहूर्त काय त्यांच्यासाठी थांबणार आहे? जेवायला येतील."

सुमित्राला ते पटलं नव्हतं. पण नणंदेशी वाद घालायचा तर शिरा करपणार. ती शिरा हलवत राहिली. डेना वरच्या मजल्यावर वीरचे कपडे शोधत होती. यशोधनने बाळाला खाली आणलं, प्रसादच्या मांडीवर दिलं, शोभनाताईंनी त्याच्या गळ्याभोवती पांढरी चादर गुंडाळली आणि मशीन सुरू केलं. वीरने त्या घूं घूं आवाजाकडे बघून ओठ काढला.

त्याच क्षणी पुढचं दार उघडलं.

नेटीआजी म्हणजे डेनाच्या आईची आई. बुटकी, रुंद हाडाची, पांढऱ्याशुभ्र केसांची एकच लांब वेणी पाठीवर. पंचाहत्तरी उलटली तरी काठी न घेणारी. तिच्या हातात कापडाने झाकलेला मक्याच्या पावाचा डबा होता. तिने आत पाहिलं. अनोळखी पुरुष, त्याच्या हातात आपलं पणतवंड, गळ्याभोवती चादर आणि डोक्याशी मशीन. डबा तिच्या हातून सुटला. पळत म्हणता येणार नाही, पण कोणाला काही कळायच्या आत ती खोली ओलांडून गेली, वीरला चादरीसकट उचललं आणि मागच्या दाराने बाहेर पडली.

प्रसाद दोन्ही हात तसेच वर धरून बसून राहिला, पोलिसांनी पकडल्यासारखा.

"काय बाई ही रीत," शोभनाताई म्हणाल्या. "शुभकार्यातून मूल उचलून नेतं का कोणी?"

डेना जिन्यावरून खाली आली. तिने मशीन पाहिलं, पेढ्यांशेजारची चांदीची वाटी पाहिली. "यश, तू म्हणालास कात्रीने थोडे केस कापणार. यू सेड ए ट्रिम."

"अगं, मी म्हटलं हेअरकट... टेक्निकली..."

"टेक्निकली?"

आजीच्या मागून आलेली वॅन्डा दारातच होती, पाव गोळा करत. आखूड कापलेल्या करड्या केसांतून हात फिरवत ती म्हणाली, "मला खरंच माहीत नाही तिला काय झालं. कधीच सांगत नाही ती काही. माझ्या लहानपणी दुसऱ्या कोणी माझ्या डोक्याला हात लावला तरी उठून जायची."

"आपल्या घरातला मुलगा आहे," शोभनाताई मराठीत म्हणाल्या, म्हणजे ज्यांना कळू नये असं वाटत होतं त्यांना स्वरावरून सगळं कळलं. "आपल्या पद्धतीने होणार. त्र्यंबक, तू बोल काहीतरी."

त्र्यंबकराव इतक्या वर्षांत बहिणीपुढे कधी बोलले नव्हते. ते म्हणाले, "ताई, मशीन बंद कर आधी."

शोभनाताईंनी मशीन बंद केलं. तोवर ते त्यांच्या हातात घूं घूं करतच होतं.

"आम्ही निघतो, आई," डेना सुमित्राला म्हणाली. शांतपणे म्हणाली, आणि म्हणूनच सुमित्राच्या तोंडचं पाणी पळालं. हेच ते. अशीच जातात माणसं. "आजीला असं मी कधी पाहिलेलं नाही. वीरला घेते आणि निघतो."

"मला एकदा जाऊ दे तिच्याकडे," सुमित्रा म्हणाली. "एकदाच. मग तू म्हणशील तसं."

मागच्या डेकच्या पायरीवर नेटीआजी बसली होती. मेपलची पिवळी पानं पायऱ्यांवर पडली होती. चादर तिने काढून लांब फेकली होती आणि वीर तिच्या वेणीचं टोक चघळत होता. ती त्याच्या कानाशी लागून हळू आवाजात काहीतरी बोलत होती, आणि ते इंग्रजी नव्हतं. सुमित्राच्या पायाखाली फळी वाजताच ती गप्प झाली.

सुमित्रा तिच्याशेजारी बसली. पुढचं सगळं बोलणं झालं इंग्रजीत. दोघींपैकी एकीचीही ती आईची भाषा नव्हती.

"माझं चुकलं, नेटीआजी. तुम्ही येईपर्यंत थांबायला हवं होतं."

"याचे केस कोण गेलं म्हणून कापत होतात तुम्ही?"

सुमित्राला प्रश्नच कळला नाही. "कोणी नाही. शुभ असतं ते. मूल वाढावं म्हणून."

वीरने वेणी सोडून तिच्या शर्टाचं बटण धरलं.

"मी सहा वर्षांची होते," ती म्हणाली. "सरकारी शाळेत नेलं. इंडियन मुलांना, म्हणजे आमच्यासारख्यांना माणसात आणायची शाळा. आई रोज वेणी घालायची माझी, त्या दिवशीही घातली होती. तिथे पोचल्यावर खुर्चीत बसवलं, गळ्याला चादर बांधली. तो माणूस काहीतरी बोलत होता. मला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. हलू नकोस म्हणत असेल बहुतेक. आमच्या घरात जवळचं माणूस गेलं की केस कापायचे. मला वाटलं, आई गेली."

सुमित्राने तिच्याकडे पाहिलं. नेटीआजीच्या चेहऱ्यावर काहीच हललं नव्हतं.

"नाताळच्या सुट्टीत आई न्यायला आली. तोपर्यंत मी ती मेली असंच धरून चालले होते. आणि विचारणार कोणाला? आपल्या भाषेत बोललं की साबणाने तोंड धुवायचे."

सुमित्राला तिच्या आजीची धाकटी बहीण आठवली. लहान वयात नवरा गेलेली, लाल आलवण डोक्यावरून पुढे ओढून स्वयंपाकघरात वावरणारी. पोरं तिला हसायची. सुमित्राही हसली होती. ते भादरलेलं डोकं आणि हे जावळ, दोन्ही एकाच हत्याराने होतं, हे तिच्या मनात आजवर एकदाही आलं नव्हतं. तिने ते नेटीआजीला सांगितलं. उगाच स्वतःचं दुःख पुढे करायला नव्हे. सांगितल्याशिवाय राहवेना म्हणून.

"तिला कोणी विचारलं होतं?"

"नाही."

"म्हणजे तुला माहीत आहे," नेटीआजी म्हणाली.

"थोडंसं. माझ्या मुलांना मराठी नीट येत नाही, याचंच मी इतकी वर्षं रडगाणं गात होते."

"तुम्ही सोडून आलात. आम्हाला सोडायला लावलं." तिच्या बोलण्यात राग नव्हता, पण सूटही नव्हती. "मी वॅन्डाला आमची भाषा शिकवली नाही. तिचे केस वाढू दिले नाहीत. म्हटलं, कोणाला काढून घ्यायला काही ठेवायचंच नाही."

मागे जाळीचं दार करकरलं. वॅन्डा तिथे उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"मला वाटायचं, मी तुला आवडत नाही," वॅन्डा म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा आला होता. "सगळ्यांच्या आया वेण्या घालायच्या. तू कात्री घेऊन यायचीस."

नेटीआजीने मागे वळून पाहिलं नाही. पण पायरीवर ती थोडी सरकली आणि आपल्या दुसऱ्या बाजूला जागा केली. वॅन्डा येऊन बसली. तिघी एका पायरीवर, चौथा मांडीवर; पायरी काही एवढी रुंद नव्हती. सुमित्रा अर्धी बाहेर लटकत होती, पण ती हलली नाही. इतकी आपलेपणाची जागा तिला या नात्यात आजवर मिळालीच नव्हती.

"कापलेल्या केसांचं काय करता तुम्ही?" नेटीआजीने थोड्या वेळाने विचारलं. "माझे शेगडीत घातले होते. तो वास अजून जात नाही."

"जमिनीवर पडू द्यायचे नाहीत. आत्या पदर पसरते आणि त्यात झेलते. मग नदीत सोडायचे."

"इथे नदी कुठे आहे?"

"यांनी पार्कातला तलाव बघून ठेवलाय," सुमित्रा ओशाळून म्हणाली.

"तळ्यात?" नेटीआजीने तोंड वाकडं केलं. शोभनाताईंना कोणी डालड्याचा शिरा वाढल्यावर व्हावं, तसं ते तोंड होतं. "आमच्या दारासमोर नदी आहे की. आमचे लोक सगळं घेऊन तिच्याकडेच जातात." मग घराकडे मान करून म्हणाली, "तो पांढऱ्या झग्यातला कोण?"

"प्रसाद. शेजारी राहतो. बाळ मामाच्या मांडीवर बसवायचं असतं, आईच्या भावाच्या. डेनाला भाऊ नाही, म्हणून त्याला मामा केला."

"मामाच का?"

हे सुमित्राला कोणी विचारलं नव्हतं. तिने विचार केला. "मूल बापाच्या घरात वाढतं ना. पण आईच्या माणसांना विचारल्याशिवाय त्याच्या केसालाही हात लावायचा नाही. असंच असावं."

नेटीआजीच्या छातीतून एक आवाज आला. सुमित्राला आधी वाटलं ती रडतेय, पण ती हसत होती. हसता हसता तिने डोळे पुसले.

"आमच्याकडे मूल आईच्याच घराण्याचं. आईचा भाऊ बापाच्याही वर. नाताळनंतर पुन्हा शाळेत गेले, तेव्हा मला भेटायला माझा मामाच आला होता. माझं डोकं बघितलं, आणि स्वतःची टोपी काढून मला घातली. मोठी होती, नाकापर्यंत यायची. मी काढली नाही." तिने वीरला मांडीवर नीट बसवलं. "म्हणजे तुम्हालाही माहीत होतं, आईची माणसं लागतात. तरी तुम्ही भाड्याने माणूस आणलात, आणि आम्ही हायवेवर होतो."

"हो," सुमित्रा म्हणाली.

"मुहूर्त गेला का तुमचा?"

"गेला असेल. तो पुण्याचा होता की इथला, हेही नक्की नाही."

"मग कात्री आण. ते मशीन नको. खुर्ची नको, चादर नको. तो माझ्या मांडीवर बसेल आणि कापशील तू." तिने वीरच्या टाळूवर नाक टेकवलं. "मला कळेल अशा भाषेत कोणी सांगितलं नव्हतं, काय चाललंय ते. याला मी सांगेन."

सुमित्रा उठली आणि घरात गेली. आत सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे होते; डेनाने कारची किल्ली हातात घट्ट धरली होती.

"प्रसाद, तू मॅचला जा रे बाळा. पेढा घे," सुमित्रा म्हणाली. "शोभनाताई, तुम्ही पैठणीचा पदर घेऊन बाहेर या. यशोधन, कात्री. आणि आजपासून मला पूर्ण गोष्टी सांगायच्या."

"बाहेर? डेकवर?" शोभनाताईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आणि मांडीवर कोण घेणार?"

"बाळाच्या आईचं माहेर. तसंच असतं ना आपल्यात?"

तसंच होतं. शोभनाताईंनी पदर सावरला. डेनाने किल्ली टेबलावर ठेवली. सुमित्राने ते पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

डेकवर उन्हात नेटीआजी बसली, मांडीवर वीर. शोभनाताईंनी पदर पसरला. एक बाजू वाऱ्याने उडाली तशी वॅन्डाने ती पकडली आणि दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. सुमित्राने पहिली बट बोटांत धरली. मऊ, काळीभोर, कोणत्या आजीची म्हणून ओळखू न येणारी. तिने नेटीआजीकडे पाहिलं.

नेटीआजी बाळाला म्हणाली, "उस्दी." चेरोकीत बाळाला, लहानग्याला हाक मारायची ती. आणि मग ती बोलू लागली, मघासारखी कानात नाही, सगळ्यांना ऐकू येईल अशी. शब्द आधी अडखळत होते, कुठे कुठे ती थांबून शोधत होती. कात्री प्रत्येक वेळी उचलायच्या आधी ती त्याला सांगे, तो तिच्या ओठांकडे बघे, आणि मग सुमित्रा कापे. पोर एकदाही रडलं नाही. डेना मात्र यशोधनच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती, आणि तो या खेपेला काहीही बोलत नव्हता, हे बरंच होतं.

शेवटची बट पदरात पडली. वीरचं डोकं वेडंवाकडं, जागोजागी खुंट राहिलेलं, पण हातांनी केलेलं. नेटीआजीने त्यावरून तळवा फिरवला आणि तिथेच ठेवला.

"हे तुम्हीच घेऊन यायचे नदीवर," डेना डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही आणि बाबा. आम्ही तिकडे गेलो की लगेच. राहायला या."

"येतो," सुमित्रा म्हणाली.

वॅन्डा आईकडे बघत होती. "काय सांगत होतीस त्याला? शेवटी शेवटी तेच तेच म्हणत होतीस."

"केस परत येतात," नेटीआजी म्हणाली. "एवढंच."

वॅन्डाने पदराचं टोक सोडलं नाही. "परत म्हण. हळू."

नेटीआजीने हळू म्हटलं. वॅन्डाने तिच्यामागून म्हणून पाहिलं. नेटीआजीने मान हलवली, चुकलं म्हणून, आणि पुन्हा म्हटलं. वॅन्डाने पुन्हा म्हटलं.

"सुमित्रा," शोभनाताई दबक्या आवाजात म्हणाल्या, "मी हा पदर धरून किती वेळ अशी उभी राहू?"

"राहा हो जरा," सुमित्रा म्हणाली. "त्यांचं होऊ दे."